कडेचा मणी

माझा स्वभाव चांगला नाही. नंदिनी, म्हणजे माझी बायको, हे गेली चौतीस वर्षं सांगते आहे आणि आता मलाही ते पटत चाललं आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो क्रेडिट कार्ड गळ्यात मारणाऱ्यांचा धरतो आणि उचलल्या उचलल्या आधी ओरडून घेतो. गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी असाच फोन आला आणि मी असाच ओरडलो. पलीकडची बाई माझं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "काका, झालं असेल तर बोलू? मी सुचिता. शिरवण्याच्या तुमच्या ऑफिसात स्कॅनिंगला होते. ओळखलं का?"

ओळखलं नव्हतं. पण नुकतंच ओरडलेल्या माणसाला नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून "हो हो, बोल की" म्हणालो.

"तुमच्या त्या एक्सरेच्या फायली उघडायच्या आहेत. माझ्या आत्यासाठी. नऊ दिवस आहेत हातात."

मी म्हटलं, त्या फायली आता कोणालाही उघडता येणार नाहीत, कारण त्या उघडणारा प्रोग्राम जगात कुठेही शिल्लक नाही. ती म्हणाली, "माहितेय. म्हणून तर तुम्हाला फोन केला." आणि दुपारी तीन वाजता ती सीवूड्सला आमच्या दारात उभी राहिली, पाठीला लॅपटॉपची बॅग, त्यात दवाखान्यातून आणलेली त्या फायलींची डिस्क, आणि हातात भाकऱ्यांचा डबा. तांदळाच्या भाकऱ्या तिच्या आईने, गोजराबाईंनी, न विचारता दिल्या होत्या. नंदिनी तिच्यावर तिथेच खूश झाली. मला वेळ लागला.

आधी त्या फायलींची गोष्ट सांगतो. दोन हजार नऊ साली मी नोकरी सोडून शिरवण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक गाळा भाड्याने घेतला आणि चित्रं लहान करायचं सॉफ्टवेअर लिहायला बसलो. नेरूळच्या एका धर्मादाय दवाखान्याकडे खाणीत आणि मिठागरात राबलेल्या माणसांच्या छातीच्या एक्सरे फिल्म्स होत्या, सहा हजारांवर. दमट हवेने त्या एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या. आम्ही त्या स्कॅन करून, दाबून लहान करून एका डिस्कवर बसवल्या. माझा शब्द होता की यातून एक ठिपकासुद्धा हरवणार नाही. उघडलेलं चित्र मूळ चित्राशी तंतोतंत जुळेल. तो शब्द मी पाळला होता, असं मी चौदा वर्षं समजत होतो. चार वर्षांत गाळा बंद पडला. फिल्म्स दवाखान्याने त्यांतली चांदी काढणाऱ्याला दिल्या. माझ्या प्रोग्रामच्या सीडींवर आमच्या या खाडीकाठच्या हवेने बुरशी चढवली. दवाखान्यातल्या ज्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर ती चित्रं उघडत होती, तो दोन वर्षांपूर्वी बसला. कोणाला कळलंही नाही. जुना एक्सरे मागायला येतंय कोण?

आता शेवंताबाई आल्या होत्या.

शेवंताबाई म्हणजे सुचिताच्या वडिलांची, गोटीराम मढवींची, थोरली बहीण. वय एकाहत्तर. गोजराबाई मिठागरावर जायच्या तेव्हा सुचिताला या आत्याने वाढवलेलं. त्याआधी पंधरा वर्षं ती टेकडीपलीकडच्या दगडखाणीत खडी फोडत होती आणि ती धूळ अजून तिच्या छातीत आहे. फेब्रुवारीत खोकला थांबेना म्हणून नवा एक्सरे काढला, तर उजव्या बाजूला हरभऱ्याएवढा डाग. दवाखान्याच्या डॉक्टर जाई सरळ बोलणाऱ्या. त्या सुचिताला म्हणाल्या, "हा डाग नवा असेल तर पाठीतून सुई घालून तुकडा काढावा लागेल. यांची फुफ्फुसं इतकी खराब आहेत की सुईनेच काही होऊ शकतं. डाग जुनाच असेल, वाढलेला नसेल, तर हात लावायची गरज नाही. पण जुना आहे हे मी कशावरून म्हणू?" शेवंताबाईंचा दोन हजार दहाचा एक्सरे माझ्या फायलींत होता. फाइल क्रमांक एकेचाळीसशे सतरा. मोठ्या हॉस्पिटलातली सुईची तारीख पुढच्या सोमवारची होती.

"आणि तो एक्सरे मीच स्कॅन केला होता," सुचिता म्हणाली. "बारावीच्या सुट्टीत चार महिने होते ना तुमच्याकडे. आत्याचं नाव बघून फिल्म पुसून लावली होती."

तेव्हा कुठे मला अंधुक आठवलं. शिरवण्यातल्या चारपाच पोरी यायच्या, त्यातली एक फार प्रश्न विचारायची. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती हसत म्हणाली, "काका, चित्र एवढंसं करता, मग परत मोठं करताना बाकीचं कुठून येतं? तुम्ही बोललात, काम कर. मग काय, दुसरीकडे शोधत बसले. डिप्लोमा केला, नोकरी करता करता डिग्री केली. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर माझी दहा वर्षं वाचली असती."

नंदिनी माझ्याकडे बघून मान हलवत होती. मी भाकरी खात राहिलो.

सुचिता आज तेहतीस वर्षांची आहे. सासर बोनकोड्याचं. नवरा विपुल, त्याचं पाइप आणि रंगांचं दुकान. मुलगी मनस्वी दुसरीत. माहेरची शेती शहर वसवायला गेली, मग गोटीरामांनी गावठाणातल्या जागेवर चार मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. सासरीही तसंच. घरबसल्या भाडं येत असताना ही पोरगी रोज स्कूटर काढून महापेला कशाला जाते, हे दोन्ही गावांतल्या लग्नांत अजून विचारलं जातं. महापेला ती एका कंपनीत कॅमेऱ्याची चित्रं लहान करून पाठवायचं सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे माझंच काम, फक्त माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं.

माझ्याकडे त्या प्रोग्रामचं एकच काही उरलं होतं: दवाखान्याला दिलेल्या बारा पानी टिपणाची झेरॉक्स. फाइलमध्ये काय कुठे आहे, आकडे कसे बांधले आहेत, सगळं त्यात होतं. फक्त फिल्टरच्या, म्हणजे चित्र दाबायच्या मुख्य गणिताच्या ठिकाणी मी ऐटीत एकच ओळ लिहिली होती: पुस्तकाप्रमाणे. म्हणजे ज्या पुस्तकावरून मी हे शिकलो, त्याप्रमाणे.

हा फिल्टर काय करतो ते सांगायला हवं, नाहीतर त्या मुलीने काय केलं ते कळणार नाही. कॉम्प्युटरच्या लेखी एक्सरे म्हणजे आकड्यांच्या रांगा. काळ्याला शून्य, शुभ्र पांढऱ्याला चार हजार पंचाण्णव, मधल्या करड्या छटांना मधले आकडे. वेव्हलेट नावाच्या या फिल्टरची युक्ती अशी की रांगेतला एक आकडा ठेवायचा, पुढचा सोडायचा, पुन्हा एक ठेवायचा. सोडलेला आकडा त्याच्या दोन्ही बाजूंच्या ठेवलेल्या आकड्यांवरून अंदाजाने ओळखायचा आणि अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहून ठेवायचं. चित्रात शेजारी शेजाऱ्यासारखाच असतो, म्हणून चूक बहुतेकदा शून्य, एक, दोन. लहान आकड्यांना जागा कमी लागते. मग त्या चुकांवरून ठेवलेल्या आकड्यांना जरासा हात लावायचा, म्हणजे ते थोडे कमीजास्त करायचे, आणि उरलेल्या अर्ध्या रांगेवर पुन्हा हाच खेळ. असा पाच वेळा. शेवटी भल्यामोठ्या छातीचं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र उरतं, आणि बाकी सगळ्या चुकाच चुका.

परत येताना याच वाटेने उलट यायचं. त्याला सिंथेसिस फिल्टर म्हणतात. जो हात शेवटी लावला तो आधी काढून घ्यायचा, मग तोच अंदाज पुन्हा करायचा आणि लिहून ठेवलेली चूक त्यात मिळवायची. क्रम चुकला, एका वजाबाकीची बेरीज झाली, की छातीचं धुकं होतं.

तिची काम करायची पद्धत मी त्या आठवड्यात पाहिली आणि माझीच मला लाज वाटली. मी आयुष्यभर आधी टाइप करत आलो आणि मग काय बिघडलं ते शोधत आलो. ती एक लांबट वही काढते, पेन्सिलने आठ आकडे लिहिते, त्यांना हाताने फिल्टरमधून खाली नेते आणि हाताने परत वर आणते. आठच्या आठ जसेच्या तसे परत आले की मगच लॅपटॉपला हात. "आठ आकडे जमले की सगळं जमतं," असं तिचं म्हणणं. रोज महापेहून सुटली की ती आमच्याकडे यायची, दीड तास बसायची, आणि मनस्वीचा अभ्यास घ्यायला परत बोनकोड्याला जायची.

बुधवारी संध्याकाळी तिने पहिल्यांदा एकेचाळीसशे सतरा उघडली. पडद्याच्या मध्यावर आधी एक तिकीट उमटलं: दोन काळसर डाग आणि मध्ये पांढरा पट्टा. मग ते दुप्पट झालं आणि बरगड्या आल्या. पुन्हा दुप्पट, आणि बरगड्यांना कडा आल्या. मग गळ्याजवळची हाडं, हृदयाची सावली, आणि शेवटच्या पायरीला फुफ्फुसातल्या केसासारख्या बारीक रेघा. मी हे शेकडो वेळा पाहिलेलं होतं, पण ते माझ्या प्रोग्रामने माझ्यासमोर काढलेलं. इथे माझा प्रोग्राम मेलेला होता आणि एका वहीतल्या आठ आकड्यांवरून एक जिवंत बाई पडद्यावर येत होती. नंदिनी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली होती.

"आली गं तुझी आत्या," ती म्हणाली.

सुचिताचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. ती चित्राच्या खाली बघत होती. प्रत्येक फाइलच्या शेवटी मी एक ताळा ठेवला होता: मूळ चित्रातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज. उघडलेल्या चित्राची बेरीज तीच आली पाहिजे. ती आली नव्हती. आणि नीट पाहिल्यावर छातीवर फिकट पट्टे दिसत होते, उभे आणि आडवे, सारख्या अंतरावर.

ते पट्टे कुठले ते आम्हा दोघांनाही कळलं. त्या काळी अख्खं चित्र मेमरीत मावायचं नाही, म्हणून मी त्याचे चौकोन पाडले होते. चौकोनाच्या कडेला पंचाईत होते. शेवटच्या सोडलेल्या आकड्याला एकाच बाजूला शेजारी असतो, दुसऱ्या बाजूला कोणीच नाही. तेव्हा कडेला आरसा आहे असं समजायचं आणि आतलेच आकडे उलटे वाचून शेजारी बनवायचा. आरसा कसा धरायचा हे पुस्तकात दिलेलं आहे. सुचिताने तसाच धरला होता. तरी पट्टे.

गुरुवारी ती ते चित्र घेऊन डॉक्टर जाईंकडे गेली. मीही गेलो. दवाखान्याच्या छोट्या खोलीत डॉक्टरांनी नवा एक्सरे शेजारी लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. डाग जिथे होता, नेमका तिथूनच एक पट्टा जात होता. पट्ट्यात काहीतरी करडं दिसत होतं.

"इथे काहीतरी आहे हं," डॉक्टर म्हणाल्या. "जुनाच असावा. मला वाटतं एवढं मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते सुई पुढे ढकलतील."

मी तर उठायच्याच बेतात होतो. आत्या वाचली, काम झालं, चहा प्यावा. सुचिता मात्र खुर्चीतच बसून राहिली. "डॉक्टर, हे पट्ट्याचं पण असू शकतं," ती म्हणाली. "ताळा जमलेला नाही. इथे डाग आहे असं मी आत्ता सांगितलं आणि तो नसला, तर आत्याचा नवा डाग आपण जुना म्हणून सोडून देऊ."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुला नको आहे का सुई टळायला?"

"मला आत्या पाहिजे," ती म्हणाली, आणि लॅपटॉप बंद केला.

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण आपल्या मनासारखं उत्तर समोर आयतं वाढलेलं असताना ते ताट बाजूला सारणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. रिक्षात मी तिची बॅग मांडीवर धरून बसलो. तिचे डोळे भरलेले होते आणि ती मोबाइलवर मनस्वीला गृहपाठाचं विचारत होती.

शुक्रवारी मात्र मी नको ते बोललो. तिने विचारलं, "काका, कडेला तुम्ही नक्की काय केलं होतंत?" मी म्हटलं, पुस्तकाप्रमाणे. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, पुस्तकाप्रमाणे म्हणजे पुस्तकाप्रमाणे, चौदा वर्षांत एका माणसाने तक्रार केली नाही, तुझंच काही चुकत असेल. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की कडेचा आकडा पुन्हा घ्यायचा नाही. मी घेतला नाही. माझा आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला असावा. ती म्हणाली, "बरं काका, मी परत आठ आकडे करून बघते." आणि डायनिंग टेबलावर वही उघडून बसली. भांडणाला भांडण मिळालं नाही की माझे फार हाल होतात. मी हातपाय धुतले आणि रोजच्यासारखा देवासमोर माळ घेऊन बसलो.

माळेचं एक सांगतो. माळेत एकशेआठ मणी आणि एक मोठा मेरुमणी. जप करताना मेरू ओलांडायचा नसतो. एकशेआठावा मणी झाला की माळ बोटांत उलटी फिरवायची आणि आलेल्या वाटेने परत जायचं. परत जाताना तो एकशेआठावा मणीच पुढच्या माळेचा पहिला मणी. सगळे असंच करतात. मी करत नाही. एकदा मोजलेला मणी लगेच दुसऱ्यांदा मोजणं मला पहिल्यापासून लबाडी वाटत आलेली आहे. मी माळ फिरवतो, तो कडेचा मणी सोडतो आणि त्याच्या मागच्यापासून सुरुवात करतो. यावरून लग्नाच्या पहिल्या महिन्यात नंदिनीशी वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

त्या दिवशीही माळ फिरवली आणि स्वयंपाकघराच्या दारातून नंदिनी म्हणाली, "झाली सुरू एकशेसातची माळ. देवाला रोज एक नाम कमी. सुचिता, बघ गं तुझ्या काकांचा हिशेब."

"काय कमी?" सुचिताने मान वर केली.

"कडेचा मणी परत घ्यायचा असतो. हे घेत नाहीत. चौतीस वर्षं सांगतेय."

सुचिता उठून आली आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. "काका, परत करून दाखवा ना." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, जप मोडल्याबद्दल चिडायचं मला सुचलं नाही. मी दाखवलं. एकशेसात, एकशेआठ, फिरवली, आणि पुन्हा एकशेसात. तिने माझा अंगठा पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "काका, तुम्ही आरसा कुठल्या रांगेला धरला होता? पूर्ण रांगेला, की ठेवलेल्या आकड्यांच्या अर्ध्या रांगेला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माळ खाली ठेवली.

कडेचा आकडा पुन्हा घेऊ नका, हा पुस्तकातला नियम पूर्ण रांगेचा आहे. पूर्ण रांगेतला कडेचा सोडला की शेजारचा येतो, आणि तो ठेवलेल्यांतला शेवटचा असतो. म्हणजे अर्ध्या रांगेत शेवटचा पुन्हा घ्यावाच लागतो. आणि मी? मी रांग आधी अर्धी केली होती, आरसा मग धरला होता, आणि तिथेही कडेचा मणी सोडून मागच्याला हात घातला होता. मला तो गाळा, ती दुपार, तो पंखा, सगळं दिसलं. पुस्तक उघडलेलं होतं आणि नियम वाचून मला आनंद झाला होता की हे पुस्तक माझ्यासारखंच विचार करतं.

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून निघाल्याचं ऐकून नंदिनी गॅस बंद करून बाहेर आली.

"पण मग तेव्हा कोणाला कसं दिसलं नाही?" तिने विचारलं.

"कारण उघडणारा प्रोग्रामही यांनीच लिहिलेला," सुचिता म्हणाली. ती आता वहीत भराभर आठ आकडे मांडत होती. "बंद करतानापण तेच चुकले, उघडतानापण तेच. काकू, कडेला काकांचा अंदाज वाईट होता. पण तो कितीने चुकला ते यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. आता मी शहाणपणा करून चांगला अंदाज केला तर चित्र बिघडतं. मी यांच्यासारखाच वाईट अंदाज केला आणि लिहिलेली चूक मिळवली, की सगळं परत. काहीच हरवलेलं नाही, काका. एक ठिपकासुद्धा नाही."

तिने वही माझ्यापुढे धरली. आठ आकडे खाली गेले होते आणि आठच्या आठ वर आले होते.

मग तिने लॅपटॉपवर दोन ओळी बदलल्या. फक्त दोन. पुन्हा तिकीट उमटलं, दुप्पट झालं, पुन्हा दुप्पट झालं. पट्टे नव्हते. खाली ताळा आला. मी फाइलमधला आकडा मोठ्याने वाचत गेलो आणि ती पडद्यावरचा: सहा, दोन, नऊ, एक, चार, शून्य, सात, सात, एक, आठ. दहाही जुळले. चाळीस लाखांहून जास्त ठिपके, आणि त्यातला एकही इकडचा तिकडे नव्हता. मी एकसष्ट वर्षांचा माणूस, इंजिनिअर, आणि मी सरळ रडलो. गणित इतकं दयाळू असू शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणसाची चूक पोटात घेऊन ते चौदा वर्षं थांबलं होतं, फक्त कोणीतरी ती चूक न हसता, जशीच्या तशी, पुन्हा करायला हवी होती.

घरी जायच्या आधी तिने डिस्कवरच्या सगळ्या फायली लावल्या. सहा हजार दोनशे बारा छात्या, पडद्यावर न दाखवता, नुसता ताळा तपासत. चाळीस मिनिटं लागली. आम्ही तिघं वरण-भात जेवत त्या मोजणीकडे बघत होतो. एकही नापास झाली नाही.

शनिवारी सकाळी दवाखान्यात शेवंताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बारीक चणीच्या, नऊवारी घट्ट कसलेली, केसात अबोलीचा गजरा. मला बघून म्हणाल्या, "तुमीच क ते मशीनवाले?" मी हो म्हटलं. कुठली चूक कोणाची, ते सांगायची ती जागा नव्हती.

डॉक्टर जाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. या खेपेला त्यांना शोधावं लागलं नाही. उजव्या बाजूला, चौथ्या बरगडीखाली, तोच हरभरा. त्यांनी मोजला. आजचा नऊ मिलिमीटर. चौदा वर्षांपूर्वीचा नऊ मिलिमीटर. कडा तशाच, खालच्या अंगाला बारीक खाच होती तीसुद्धा तशीच. त्यांनी दोन्ही चित्रं मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना पाठवली आणि आम्ही वाट बघत बसलो. सुचिताने आत्याचा हात धरून ठेवला होता. वीस मिनिटांनी फोन आला. डॉक्टर जाई "हो सर, हो सर" करत राहिल्या, मग फोन ठेवून वळल्या. "आजी, सोमवारी जायचं नाही. डाग जुनाच आहे, वाढलेला नाही. सहा महिन्यांनी फक्त फोटो काढू."

"मंजे सुई नाय?"

"सुई नाही."

शेवंताबाईंनी ते ऐकलं, पण त्या डॉक्टरांकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. "यो माजा हाय?"

"हो आत्या, तुझाच," सुचिता म्हणाली. "मी बारावीत होते ना, तवाचा."

"फोटो फार चांगला आलाय, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "छाती पूर्ण भरून श्वास घेतलेला आहे तुम्ही. एवढा घेतला नसतात तर हा डाग बरगडीमागे लपला असता."

"मना याद हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "तो फोटूवाला बोलला, बाय, सास घे आनि रोकून धर. मी धरला. आनि त्याला आला फोन. सोड बोलायलाच इसरला. माज्या डोल्यांपुढं अंधारी आली, पन मी नाय सोडला. बोलले, फोटू बिघरंल."

आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. तो तिने धरलेला श्वास तिथे होता. चाळीस लाख आकड्यांत, माझ्या चुकीच्या आत, चौदा वर्षं.

मग शेवंताबाईंनी सुचिताच्या गालावरून हात फिरवला आणि एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की शेवटी त्यांना खोकला आला, आणि सुचिता पाणी आणायला उठली.